तिन्ही वाटा खुल्या करा : छत्रपती संभाजीनगरच्या टीव्ही प्रेक्षकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. सचिव, माहिती व प्रसारण मंत्रालय, भारत सरकार
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, प्रसार भारती
मा. अध्यक्ष, भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय)
मा. सहकार आयुक्त व निबंधक, सहकारी संस्था, महाराष्ट्र राज्य
मार्फत : मा. जिल्हाधिकारी, छत्रपती संभाजीनगर

विषय : अँटेना, केबल आणि छत्री (डिश) यांपैकी हवा तो मार्ग निवडून एचडी चित्र पाहण्याची सोय प्रेक्षकाला मिळण्याबाबत.

महोदय,

घरात नवा एचडी टीव्ही आला की चित्र कुठून घ्यायचे हा प्रश्न लगेच समोर येतो. गल्लीतल्या केबलवाल्याला बोलवायचे, गच्चीवर छत्री बसवायची, की अँटेना लावायचा? आमच्या संघटनेकडे सभासद सर्वाधिक वेळा हाच सल्ला मागतात. आमचे उत्तर घराघराप्रमाणे बदलते, आणि ते तसे बदलायलाच हवे. प्रत्यक्षात मात्र निवड घरमालकाच्या हातात उरलेली नाही. इमारतीचे तोंड कुठल्या दिशेला आहे, गल्लीत कुणाची केबल आहे आणि सोसायटीचे पदाधिकारी काय म्हणतात, यावर ती ठरते. अँटेनाची वाट तर जवळजवळ विस्मरणात गेली आहे.

टीव्हीशी या शहराचे नाते नुसते ग्राहकाचे नाही. पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनच्या कारखान्यात इथल्या कित्येक घरांतल्या कर्त्या माणसांनी रंगीत संच जोडले. त्याच समूहाने २००९ मध्ये डीटूएच सेवा काढली, ती २०१८ मध्ये डिश टीव्हीत विलीन झाली. ट्यूनर म्हणजे काय, सिग्नल कुठे मरतो, हे समजणारी माणसे या शहरात आजही आहेत. पुढच्या मागण्या त्यांच्याशी बसून, बोलून लिहिल्या आहेत.

सुरुवात अँटेनापासून करतो, कारण सर्वात मोठा अन्याय तिथे आहे. दूरदर्शनने २५ फेब्रुवारी २०१६ रोजी देशातल्या १६ शहरांत जमिनीवरचे डिजिटल प्रक्षेपण जाहीर केले. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू यांच्या यादीत आपल्या शहराचे, तेव्हाच्या औरंगाबादचे, नाव होते. महाराष्ट्रातून मुंबईखेरीज निवड झाली ती याच शहराची. पुणे आणि नागपूरसुद्धा त्या यादीत नव्हते. डीव्हीबी-टी२ तंत्रावर पाच वाहिन्या, महिन्याचे भाडे नाही, डब्यात कार्ड नाही, रिचार्ज नाही. ज्याच्या टीव्हीत तसा ट्यूनर आहे त्याने साधा अँटेना लावावा आणि पाहावे, इतकी सरळ गोष्ट. पण शहरात याची दवंडी कुणी पिटली नाही. दुकानदाराला ठाऊक नाही, अँटेना बसवणाऱ्याला ठाऊक नाही, मग गिऱ्हाइकाला कसे ठाऊक असणार? नंतर प्रसार भारतीने जुने अ‍ॅनॉलॉग प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने मोडीत काढले. सामरिक महत्त्वाची सुमारे ५० ठिकाणे सोडून बाकीचे ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करायचे, असे ठरले. जुने बंद करताना त्याची जागा घेणारे नवे लोकांपर्यंत पोचले आहे का, हे आधी पाहायला हवे होते. ते पाहिले गेले नाही, हा आमचा पहिला आक्षेप आहे.

हा प्रश्न जुन्या आठवणींचा नाही, त्यात कायद्याने दिलेला हक्क गुंतलेला आहे. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचे थेट चित्र खासगी वाहिन्यांनी प्रसार भारतीला द्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये त्याची हद्द स्पष्ट केली. हे चित्र दूरदर्शनच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणावर आणि दूरदर्शनच्या स्वतःच्या डीटीएच (थेट उपग्रह) सेवेवरच दाखवता येते, खासगी केबल वा खासगी छत्रीवर नाही. म्हणजे भारताचा महत्त्वाचा सामना फुकट पाहण्याचा हक्क ज्या दोन वाटांनी मिळतो, त्यातली एक वाट अँटेना आहे. ती बुजली की हक्क निम्मा होतो. केबल घेणाऱ्या घरात दूरदर्शनची वाहिनी दिसते, पण सामन्याच्या वेळी तिच्यावर दुसरेच काही चालू असते. असे का, हे घरच्यांना कुणी समजावून सांगत नाही.

तंत्र कमी पडत नाही. ब्रिटनमध्ये २००९ च्या डिसेंबरपासून याच डीव्हीबी-टी२ पद्धतीने अँटेनावर एचडी चित्र मिळते आणि एका लहरपट्ट्यात पाच एचडी वाहिन्या बसवलेल्या आहेत. अमेरिकेने १२ जून २००९ रोजी मोठी अ‍ॅनॉलॉग केंद्रे बंद केली, पण डिजिटल केंद्रे आधी चालू करून आणि घरोघरी परिवर्तक डब्यांसाठी सरकारी कूपन देऊन. आपल्याकडे ट्रायनेच जानेवारी २०१७ मध्ये जमिनीवरच्या डिजिटल प्रक्षेपणाच्या शिफारशी केल्या होत्या. महानगरांनंतर दहा लाखांवरच्या शहरांचा टप्पा सुचवला होता, आणि २०११ च्या जनगणनेत आपल्या महापालिका हद्दीची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात होती. भूगोलही अनुकूल आहे. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-पावणेसहाशे मीटरवर, तर वायव्येला म्हैसमाळ त्याहून बरेच उंच. दूरदर्शनचा मनोरा तिथे आहे. पडेगाव, हर्सूलपासून वाळूजपर्यंतच्या गच्च्यांना त्या दिशेचे आकाश मोकळे आहे. अडचण डोंगरापलीकडच्या सोयगावची. ते अजिंठ्याच्या डोंगररांगेखाली असल्याने सावलीत येते, त्याचा विचार वेगळा करावा लागेल.

म्हणून पहिली आणि सर्वात महत्त्वाची मागणी : शहराच्या डिजिटल प्रक्षेपकाची आजची स्थिती, शक्ती, लहरपट्टा आणि पोच प्रसार भारतीने मराठीत जाहीर करावी. त्यावरून डीडी नॅशनल, डीडी न्यूज आणि डीडी सह्याद्री या तीन वाहिन्या तरी एचडी दर्जात, कायम आणि मोफत द्याव्यात. सोयगाव व घाटाखालच्या गावांसाठी लहान पूरक प्रक्षेपक बसवावा, किंवा तिथल्या गरजू कुटुंबांना फ्री डिश या दूरदर्शनच्या मोफत उपग्रह सेवेचे डबे द्यावेत. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या २,५३९ कोटी रुपयांच्या, प्रसारणाच्या पायाभूत सुविधांसाठीच्या बाइंड योजनेत दुर्गम भागासाठी आठ लाखांवर डब्यांची तरतूद होती; तशी तरतूद घाटाखालच्या गावांसाठीही करता येईल. मोबाइलवर थेट प्रसारण पोचवण्याच्या चाचण्या चालू आहेत, त्यांना आमचा विरोध नाही. पण फोनच्या पडद्याकडे बोट दाखवून घरच्या टीव्हीचा प्रश्न निकाली काढू नये.

आता छत्री. डीडी फ्री डिश डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. एकदा छत्री आणि डबा घेतला की महिन्याला पैसे नाहीत. कमी मिळकतीच्या घराला आम्ही आजही हीच सुचवतो. मात्र जुन्या एमपेग-२ डब्यांवर एमपेग-४ या नव्या पद्धतीच्या वाहिन्या दिसत नाहीत आणि एचडी तर दिसतच नाही. बाजारात दोन्ही प्रकारचे डबे शेजारीशेजारी विकले जातात, आणि खोक्यावरून फरक कळत नाही. तो ठळक मराठीत छापणे सक्तीचे करावे.

छत्रीची खरी लढाई गच्चीवर आहे. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. आपल्या शहरातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५९ अंश उंचीवर येतो. खासगी कंपन्यांचे उपग्रहही पूर्व-आग्नेय ते दक्षिण-आग्नेय याच पट्ट्यात आहेत. सिडकोतल्या एखाद्या चार मजली इमारतीत गॅलरीतून छत्री लावून पाहा. गॅलरी उत्तरेला वा पश्चिमेला असेल तर सवालच नाही. दक्षिणेला असली तरी इतक्या उंच कोनात वरच्या मजल्याचा स्लॅब आडवा येतो. उरते ती गच्ची. कठड्याला बोल्ट मारलेल्या, गंजलेल्या, एकाच दिशेला तोंड केलेल्या छत्र्यांची रांग तिथे दिसते, त्यांतल्या निम्म्यांच्या तारा तुटून लोंबत असतात. वॉटरप्रूफिंग खराब होते म्हणून सोसायटी नव्या छत्रीला नकार देते. तिची तक्रार खोटी नाही, गळणारी गच्ची आम्हीही पाहिली आहे. पण नकार हा तोडगा होत नाही. अमेरिकेत १९९६ पासूनच्या नियमाने स्वतःच्या ताब्यातल्या जागेत एक मीटरपर्यंतची छत्री लावायला सोसायटी मनाई करू शकत नाही. आपल्या फ्लॅटमध्ये तेवढ्याने भागणार नाही, कारण इथे कामाची जागा सामायिक आहे. म्हणून सहकार विभागाने आदर्श उपविधींत स्पष्ट कलम घालावे : प्रत्येक इमारतीत गच्चीवर एक सामायिक लोखंडी चौकट, तिथून घरोघरी जाणारी तारेची नळी, वापरात नसलेल्या छत्र्या काढण्याची जबाबदारी संबंधित सेवादात्यावर, आणि या जागेसाठी सभासदाकडून वेगळे भाडे नाही. नव्या इमारतीला बांधकाम परवानगी देतानाच महापालिकेने ही नळी नकाशात मागावी.

जोराच्या पावसात छत्रीचे चित्र अडकते, चौकोन चौकोन होते आणि काही मिनिटे जाते. केयू पट्ट्यातल्या लहरी पाऊस शोषून घेतो, त्याला इलाज नाही. वादळी पावसाच्या रात्री, बातमीची सर्वात गरज असताना असे होते, आणि जमिनीवरच्या प्रक्षेपणाला पावसाची ही बाधा नसते. पहिल्या मागणीसाठी आम्ही इतके आग्रही आहोत, त्याचे हेही कारण आहे.

केबलचे गाऱ्हाणे वेगळे आहे. केबल डिजिटल करण्याच्या दुसऱ्या टप्प्यातल्या ३८ शहरांमध्ये आपले शहर होते, ३१ मार्च २०१३ ही इथे अ‍ॅनॉलॉग केबल बंद करण्याची मुदत होती. चित्र सुधारले, हे मान्य. पण महावितरणची वीज गेली की घरात इन्व्हर्टरवर टीव्ही चालू राहतो आणि गल्लीच्या कोपऱ्यावरचा अ‍ॅम्प्लिफायर बंद पडतो. पडद्यावर ‘नो सिग्नल’. प्रत्येक नोडला बॅटरीची सोय सेवेच्या दर्जाच्या नियमांत सक्तीची करावी. खांबांवर लोंबणाऱ्या तारांचा बंदोबस्त महापालिका आणि महावितरण यांनी मिळून करावा.

आणि एचडी म्हणून जे विकले जाते ते एचडी असावे. साध्या चित्रात ७२० गुणिले ५७६ ठिपके, पूर्ण एचडीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे पाचपट. ग्राहक या पाचपटीसाठी जादा पैसे मोजतो. पण वाहिन्यांची संख्या वाढवण्यासाठी चित्र इतके दाबले जाते, की मैदानावरची हिरवळ सपाट दिसते आणि धावत्या चेंडूमागे डाग उमटतात. पूर्वी शुल्काच्या हिशोबात एक एचडी वाहिनी दोन साध्या वाहिन्यांबरोबर धरत. ट्रायने जुलै २०२४ मध्ये तो भेद काढला आणि नेटवर्क शुल्कावरची १३० रुपयांची मर्यादाही काढली. दर मोकळे झाले, मग दर्जाची हमी तरी बांधून घ्या. केबल असो वा डीटीएच, प्रत्येक एचडी वाहिनीचा किमान बिटदर ट्रायने ठरवावा, तो दरपत्रकात वाहिनीच्या नावापुढे छापावा आणि त्याची तपासणी शहरात वर्षातून एकदा जाहीरपणे व्हावी.

शेवटचा मुद्दा डब्याचा. केबल सोडून छत्री घ्यायची, किंवा एका कंपनीची छत्री सोडून दुसरीची, तर डबा अडगळीत जातो. कंपनी बदलली तरी डबा तोच चालावा, अशी शिफारस ट्रायने एप्रिल २०२० मध्ये केली आहे. टीव्हीतच उपग्रह ट्यूनर असावा यासाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १८११२ : २०२२ हे मानकही आहे. शिफारस आणि मानक दोन्ही हाताशी असताना ती सक्तीची करणारी अधिसूचना काढावी. दुकानात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक टीव्हीच्या खोक्यावर अँटेना, केबल आणि उपग्रह यांपैकी कोणते ट्यूनर आत आहेत, हे मराठीत लिहिलेले असावे.

केबल कायद्यानुसार जिल्हाधिकारी हे प्राधिकृत अधिकारी आहेत. त्यांनी प्रसार भारती, केबलचालक, डीटीएच कंपन्या, महावितरण, महापालिका आणि आमची संघटना यांची संयुक्त बैठक बोलवावी. त्या बैठकीआधी शहरात आणि सोयगावला अँटेनावर काय दिसते, याची चाचणी आमच्या प्रतिनिधींसमोर घ्यावी आणि प्रत्येक मागणीला लेखी उत्तर द्यावे, ही विनंती.

आपले,
अध्यक्ष, सचिव व सभासद
टीव्ही प्रेक्षक व ग्राहकांची संघटना, छत्रपती संभाजीनगर