शिकाऊ फार्मासिस्टला नको म्हणू नका

एनयूएसचे फार्मसीचे विद्यार्थी सिंगापूरच्या रुग्णालयांत प्रत्यक्ष काम शिकायला येतात. कॅन्सरच्या उपचारात मात्र 'विद्यार्थी नको' असे आपण चटकन म्हणतो. माझे मत उलटे आहे. विद्यार्थी तुमची सगळी औषधे सावकाश विचारून लिहितो आणि अनुभवी फार्मासिस्ट ती यादी पुन्हा पाहतो. आमच्या सॉफ्टवेअरच्या कामातही दुसऱ्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय काही पुढे जात नाही. कॅपेसिटाबिनबरोबर वॉर्फरिन चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. अशी गोष्ट यादीतच सापडते. म्हणून पुण्याहून आणलेली अश्वगंधा, काढे हेही न लपवता सांगा. रुग्णालयांनीही शिकवणाऱ्याला कामाच्या वेळातच त्यासाठी सवड द्यावी. घाईत दिलेले शिक्षण शेवटी रुग्णालाच महाग पडते.