सेव्ह केलं होतं की!

हॉस्टेलवर कॉम्प्युटरच्या कुठल्याही दुखण्यावर तीनच औषधं मिळतात. पहिलं ‘रिस्टार्ट कर’, दुसरं ‘काढून परत टाक’ आणि तिसरं, रामबाण, ‘फॉरमॅट मार!’ सर्दी झाली म्हणून कोणी डोकं बदलायला सांगत नाही, पण इथे सर्रास सांगतात. आणि सांगणारे कोण, तर उद्याचे इंजिनियर!

आज मला एका अगदी फालतू वाटणाऱ्या दुखण्याबद्दल लिहायचं आहे. विंडोचा साइझ. (खिडकी म्हणायला हवं, माहीत आहे. पण आमच्या कॉन्व्हेंटमध्ये भिंतीतल्या खिडकीलासुद्धा विंडोच म्हणायचे, तेव्हा चालवून घ्या.) आपण एखादं सॉफ्टवेअर उघडतो, विंडो ओढून हवी तेवढी मोठी करतो आणि बंद करतो. परत उघडावं तर ती आपली पहिल्यासारखीच एवढीशी! सेटिंग्जमध्ये ‘आकार लक्षात ठेवा’ यावर टिक केलेली असते, तरीही.

‘एवढ्याशासाठी लेख?’ असं वाटत असेल तर माझ्या रूममेटला भेटा. तिची नजर अधू आहे, चष्म्याने पूर्ण भागत नाही. प्रॅक्टिकलला बसली की आधी विंडो स्क्रीनभर करायची, अक्षरं मोठी करायची, आउटपुटची पट्टी वर ओढायची. तिची ही मांडामांड संपेपर्यंत बाकीच्यांचा पहिला प्रोग्रॅम रन झालेला असतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा पहिल्यापासून. ती तक्रार करत नाही, म्हणून मी करते आहे.

माझं म्हणणं असं, की ‘सॉफ्टवेअर सेटिंग विसरतं’ हे वाक्यच आळशीपणाचं आहे. सेटिंग लिहिलंच गेलं नाही, लिहिलं पण चुकीचं लिहिलं, की नीट लिहिलं आणि वाचताना दुसऱ्याच कोणाचं तरी ऐकलं? तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

लिहिलं न जाण्याचं सोपं उदाहरण विंडोजच्या जुन्या नोटपॅडचं. ते स्वतःच्या विंडोची जागा आणि मापं रजिस्ट्रीत चार आकड्यांत ठेवायचं, आणि ते आकडे लिहायचं बंद होताना. म्हणजे टास्क मॅनेजरमधून मारून टाकलं तर लिहिणार कोण? दोन नोटपॅड उघडे असतील तर शेवटी बंद होणाऱ्याचं माप टिकायचं. पुष्कळ सॉफ्टवेअर्स अजूनही असंच वागतात. म्हणून पहिली तपासणी फुकटातली: मापं बदला, विंडो रीतसर बंद करा, आणि सेटिंग्जच्या फाइलची तारीख-वेळ बदलली का ते बघा.

चुकीचं लिहिण्याचा किस्सा मला फार आवडतो. विंडोजमध्ये विंडो मिनिमाइझ केली की तिची जागा उणे ३२०००, उणे ३२००० अशी सांगितली जाते. आता प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने बंद होताना नुसतं ‘विंडो आत्ता कुठे आहे?’ असं विचारून उत्तर जसंच्या तसं लिहून ठेवलं, तर पुढच्या वेळी विंडो उघडते स्क्रीनच्या बाहेर कुठेतरी! टास्कबारवर दिसते, समोर काही नाही. खरं तर मिनिमाइझ असतानाही मूळचं माप सांगणारं ‘गेटविंडोप्लेसमेंट’ नावाचं फंक्शन विंडोजमध्ये आहे. ते वापरायचं सोडून पोरं सॉफ्टवेअर काढून परत टाकतात, आणि रजिस्ट्रीतले आकडे मागे तसेच राहिले तर विंडो परत तिथेच! प्रोजेक्टर किंवा दुसरा मॉनिटर काढल्यावरही अशीच गंमत होते. तेव्हा ऑल्ट-टॅबने त्या विंडोवर जा, ऑल्ट-स्पेस दाबा, मग एम, मग एखादं बाणाचं बटण, आणि माउस हलवा. हरवलेली विंडो माउसला चिकटून परत येते. फॉरमॅट वाचला.

तिसरा प्रकार सगळ्यात चिडवणारा, कारण तिथे सेटिंग शाबूत असतं. व्हीएलसीमध्ये ‘रिसाइझ इंटरफेस टू व्हिडिओ साइझ’ यावर टिक असेल तर तुमच्या मापाला विचारतो कोण, पिक्चर जेवढा तेवढी विंडो. डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रन’ नावाचा एक रकाना असतो, तिथे ‘मॅक्सिमाइझ्ड’ निवडलेलं असेल तर बरेच प्रोग्रॅम ते पाळतात. लिनक्सवाल्यांनी हसू नये. तिकडे नवीन वेलँडमध्ये साधा प्रोग्रॅम आपल्या विंडोची जागा स्वतः ठरवूच शकत नाही, आकार मागू शकतो, बस. आणि टॉर ब्राउझर तर मुद्दाम ठरावीक मापातच उघडतो, कारण तुमच्या विंडोच्या विचित्र मापावरून वेबसाइट तुम्हाला ओळखू शकते. हे कारण मला पटतं. पण पटण्यासाठी ते कोणीतरी सांगावं लागतं ना? पाळायचं नसेल तर टिकचा चौकोन ठेवूच नका, किंवा तो करडा करून शेजारी कारण लिहा. टिक करू द्यायची आणि गुपचूप दुर्लक्ष करायचं, याला मी बग म्हणत नाही, उद्धटपणा म्हणते.

आता आपल्या लॅबकडे या. इथले पीसी ‘फ्रीझ’ केलेले आहेत. रिस्टार्ट झाला की डिस्क होती तशी. व्हायरसच्या दृष्टीने ही सोय उत्तम आहे, पेन ड्राइव्हमधून काय काय येतं ते लॅब असिस्टंट सरांनाच विचारा! पण त्यामुळे माझ्या रूममेटने सेव्ह केलेलं प्रत्येक माप रिस्टार्टबरोबर पुसलं जातं. सॉफ्टवेअर बिचारं नीट लिहितं, आपणच पुसतो. मी सॉफ्टवेअरला शिव्या देणाऱ्या चार जणांना विचारलं, एकालाही फ्रीझची आठवण झाली नाही. फ्रीझ काढा असं मी म्हणत नाही. एखादा छोटा ड्राइव्ह फ्रीझमधून वगळता येतो आणि सेटिंग्जचा फोल्डर तिथे नेता येतो. सरांना विचारलं, ते म्हणाले होईल, पण डिपार्टमेंटची लेखी परवानगी हवी.

अर्ज तयार आहे. सध्या त्यावर अकरा सह्या आहेत, त्यातल्या नऊ आमच्याच विंगच्या. कागद मेसच्या नोटीस बोर्डाशेजारी लावला आहे, पेन दोऱ्याने बांधलं आहे. कृपया पेन नेऊ नये.