गादीखालचा डबा

अंबाजोगाईच्या बाजारपेठेत कापडाचे एक जुने दुकान आहे. आता तिसऱ्या पिढीच्या हातातले. गादीवर बसणाऱ्या गृहस्थांना घरात आणि पेठेत सारेच बाबूजी म्हणतात. त्यांचा एकुलता एक मुलगा सात वर्षांपूर्वी नोकरीसाठी इंग्लंडला गेला, तो तिकडेच स्थिरावला. गेल्या डिसेंबरात तो पत्नीला आणि अडीच वर्षांच्या मुलाला घेऊन तीन आठवड्यांसाठी घरी आला, तेव्हा बाबूजींनी आपल्या नातवाला प्रथमच प्रत्यक्ष पाहिले.

नातवाने मात्र आजोबांना जवळजवळ रोज पाहिले होते, मोबाइलच्या पडद्यावर. बोलणे संपले की पडद्यावरचे तांबडे वर्तुळ दाबून दादाजींना बंद करण्याचा मान त्याचा असे. ओसरीवर दोघे समोरासमोर आले, तेव्हा त्याने बाबूजींच्या नाकावर बोट दाबून पाहिले. हे दादाजी बंद होत नाहीत असे ध्यानात येताच तो आईच्या मागे दडला आणि पुढचे तीन दिवस त्यांच्या वाऱ्यालाही उभा राहिला नाही. घरातले सगळे हसले. बाबूजीही हसले; पण त्या रात्री दुकान वाढवून आल्यावर ते नेहमीपेक्षा लवकर निजले.

चौथ्या दिवशी सूनबाईंनी एक खेळ सुचवला. तिकडे सुट्टीच्या दिवशी ही मंडळी आसपासच्या जुन्या गावांभोवती पायी हिंडतात. विल्टशायर परगण्यातील लॅकॉक हे त्यांचे आवडते गाव. १९४४ साली ते गाव व तेथील पुरातन मठाची वास्तू ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेच्या स्वाधीन झाली आणि तेव्हापासून जुनी घरे, गल्ल्या जशाच्या तशा सांभाळल्या गेल्या. त्याच मठाच्या एका खिडकीचे छायाचित्र हेन्री फॉक्स टॅलबट यांनी १८३५ साली घेतले. आज उपलब्ध असलेल्या निगेटिव्हांत ती सर्वांत जुनी मानली जाते. मात्र अडीच वर्षांच्या मुलाला मठ कळत नाही आणि निगेटिव्हही कळत नाही. त्याला चालवत नेण्यासाठी काहीतरी आमिष लागते. ते आमिष म्हणजे जिओकॅशिंग, म्हणजेच लपवलेल्या डब्याचा शोध.

कोणीतरी एखादा डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. दुसरा मोबाइलच्या आधारे तेथे पोहोचतो, डबा शोधतो, आतल्या वहीत नाव व तारीख लिहितो आणि डबा होता तेथे ठेवून देतो. ही हौस तशी जुनी आहे. इंग्लंडातीलच डार्टमूरच्या माळरानावर जेम्स पेरॉट नावाच्या वाटाड्याने १८५४ साली एका दुर्गम जागी बाटली ठेवली होती. तेथवर पोहोचणाऱ्याने तीत आपले नावाचे कार्ड टाकायचे. आजचा खेळ उपग्रहांचा. अमेरिकेच्या उपग्रहयंत्रणेत नागरी वापरासाठी मुद्दाम ठेवलेली चूक २ मे २००० रोजी काढून टाकण्यात आली. तोवर शंभर मीटरपर्यंत चुकणारी जागा एकाएकी दहा-वीस मीटरच्या आत सापडू लागली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर या संगणक-सल्लागाराने ओरेगॉन राज्यात एक बादली लपवली. तीत वही होती, पेन्सिल होती, काही पुस्तके, चित्रफिती आणि शेंगांचा एक डबाही होता.

बाबूजींनी हे सारे कान देऊन ऐकले. त्यांना उपग्रहांचे काही वाटले नाही. एका नियमाचे मात्र वाटले. डब्यातील वस्तू घ्यायची असेल तर तितक्याच किंवा अधिक मोलाची वस्तू आत ठेवायची.

“हा खेळ काढणारा कोणी व्यापारीच असला पाहिजे,” ते म्हणाले.

“नाही बाबूजी, संगणकवाला होता,” मुलगा म्हणाला.

“मग त्याचा बाप व्यापारी असेल.”

सात वर्षांत बापलेकांत झालेला हा बहुधा पहिला विनोद. गादीवर बसणार नाही, हे मुलाने जाण्यापूर्वी स्पष्ट सांगितले होते. भांडण झाले नव्हते. झाले असते तर कदाचित लवकर मिटले असते.

खेळ तसाच्या तसा येथे आणण्यास बाबूजींचा विरोध होता आणि त्यांचे कारण खरे होते. देवळाजवळ किंवा रस्त्याकडेला बेवारस डबा दिसला तर आपल्याकडे कोणी वही उघडून सही करीत नाही, पोलिसांना कळवतो. आणि तसेच करायला हवे. शिवाय पुरातन वास्तूच्या खोबणीत डबा कोंबणे, दगड हलवणे, माती उकरणे हे नुकसानच. विंचू-सापांचा विचार वेगळाच. दगडाखाली हात घालायला शिकलेले मूल बालाघाटाच्या डोंगरात सुखरूप राहणार नाही. तेव्हा बाबूजींनी तोडगा काढला. डबा जागेवर नाही, माणसाजवळ ठेवायचा. जोगाईच्या देवळाजवळील फुलवाल्या बाईंकडे एक, हत्तीखान्याच्या वाटेवरील चहावाल्याकडे एक. तेथे जाऊन नातवाने विचारायचे, “माझा डबा आहे का?” मराठीतून. इंग्रजीतून विचारले तर डबा मिळणार नाही, अशी ताकीद दोघांनाही देण्यात आली. पोरगा मराठी समजत होता, बोलत नव्हता. आणि सूनबाईंच्या मनातली खरी टोचणी तीच होती.

फुलवाल्या बाईंकडचा पहिला डबा सहज मिळाला, कारण त्या माउलीने मुलाने तोंड उघडण्याआधीच तो पुढे केला. नियम मोडल्याबद्दल बाबूजी तिच्यावर लटके रागावले. दुसऱ्या दिवशी बाराखांबीला जाऊन खांब मोजून झाले. चारच्या पुढे मोजणी सरकेना, म्हणून तीनदा चार करून बारा पुरे केले. मुकुंदराजांच्या समाधीकडे डबा ठेवलाच नाही. विवेकसिंधूच्या कर्त्याचे हे स्थान दरीच्या कुशीत आहे, आणि शोधाच्या नादात धावणाऱ्या मुलाला दरीकाठी नेणे शहाणपणाचे नव्हे. तेथे सारे नुसतेच जाऊन बसले. शके १११० म्हणजे इ.स. ११८८ साली मराठीत एवढा ग्रंथ सिद्ध झाला, हे बाबूजींनी सांगितले. भंडारा-नागपूरकडील आंभोऱ्याचे लोक मुकुंदराज आपले म्हणतात, हेही प्रामाणिकपणे सांगितले.

हत्तीखाना ही खेळाची खरी कसोटी ठरली. जयंती नदीच्या काठी खडकात कोरलेले हे लेणे गावकऱ्यांना हत्तीखाना म्हणून ठाऊक आहे, ते अंगणातल्या भल्याथोरल्या दगडी हत्तींमुळे. अंबाजोगाईचे नाव मोमिनाबाद होते त्या निजामी काळात जेम्स बर्जेस येथे येऊन गेले. बीदर-औरंगाबाद जिल्ह्यांतील पुरातन अवशेषांवरील त्यांचा अहवाल १८७८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात येथील लेण्यांचे वर्णन आहे. हत्तींपर्यंत मुलाची मजा चालली. प्रत्येक हत्तीपाशी थांबून तो “हत्ती” म्हणे, आणि पुढच्या हत्तीपाशी पुन्हा नव्याने आश्चर्य करी. मग सगळे खांबांच्या ओळींत शिरले. बाहेरच्या उन्हातून एकदम काळोखात आल्यावर मोठ्या माणसालाही क्षणभर दिसत नाही. वटवाघळांची फडफड झाली. आईवडील मोबाइलवर पुढची जागा पाहण्यात गुंतले होते आणि खडकात शिरल्यावर त्या यंत्राने आपण नदीपलीकडे असल्याचे दाखवायला सुरुवात केली होती. मुलाने मागे पाहिले. जवळ होते ते फक्त बाबूजी, पांढरे धोतर असल्याने अंधारातही दिसणारे. त्याने धोतराचा सोगा दोन्ही मुठींत धरला आणि रडत म्हटले, “दादाजी, घरी.”

बाबूजींनी त्याला उचलून घेतले. गुडघ्याच्या दुखण्यामुळे वजन उचलायचे नाही, असे डॉक्टरांनी त्यांना सांगितलेले होते. चहावाल्याच्या टपरीपर्यंत ते त्याला कडेवरच घेऊन आले, आणि डबा मागण्याचे राहूनच गेले, कारण मागणारा खांद्यावर झोपला होता. सूर्यास्तापूर्वी जेवण व्हायचे म्हणून दादींचा दोनदा फोन आला तेव्हा कोठे मंडळी उठली.

नंतरच्या फेऱ्यांत खोलेश्वराचे देऊळ आले. यादव राजा सिंघणाचा सेनापती खोलेश्वर. त्याचा मुलगा राम गुजरातच्या मोहिमेवर गेला आणि नर्मदेच्या काठी लढाईत पडला. रा. गो. भांडारकरांनी दख्खनच्या इतिहासात ही हकीकत येथील शिलालेखाच्या आधारे दिली आहे. शके ११६२ म्हणजे इ.स. १२४० चा हा लेख. भावाच्या स्मरणार्थ बहिणीने, लक्ष्मीने, येथे देऊळ उभारले. बाबूजींनी ही गोष्ट सूनबाईंना अर्धीच सांगितली. मुलगा परमुलखात गेला, येथपर्यंत आल्यावर ते नातवाच्या चपलेचा पट्टा लावायला वाकले आणि उरलेली गोष्ट मुलाने पुरी केली. शाळेत असताना त्याने ती त्यांच्याकडूनच ऐकली होती.

शेवटचा डबा दुकानात गादीखाली ठेवायचा होता आणि त्याची खूण होती दासोपंतांची पासोडी. सोळाव्या-सतराव्या शतकांतील या सत्पुरुषाने सव्वा लाख ओव्यांचा गीतार्णव लिहिला, हे पाठ्यपुस्तकांतून येते. परंतु सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर लिहिलेली त्यांची पासोडी कापडवाल्यांच्या घरी अधिक कौतुकाची. दुसरा कोणी ओव्या मोजील. बाबूजींनी पन्हा मोजला: अठ्ठेचाळीस इंची, आणि लांबी बारा मीटरला थोडी वर. रविवारी दुपारी त्यांनी मांजरपाटाचा एक ताका उलगडला आणि दुकानाच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंत अंथरला. तरी कापड उरले. ते वळवून परत आणावे लागले. “एवढ्या लांब एका माणसाने लिहिले,” असे सांगताच पोरगा त्यावरून अनवाणी धावत सुटला. दोन फेऱ्या झाल्यावर तो गादीपाशी थांबला, दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाला, “माझा डबा आहे का?”

सूनबाईंनी तोंड फिरवले, ते डोळे पुसण्यासाठी.

ताका परत गुंडाळण्यास दोन माणसे लागतात. एका टोकाला बाबूजी उभे राहिले, दुसऱ्या टोकाला मुलगा. तो लहानपणी सुट्टीत करायचा तशीच घडी जुळवत हळूहळू पुढे येऊ लागला. कापड ओढून धरताना त्याची नजर भिंतीच्या फळ्यांवर गेली. निम्म्याहून अधिक फळ्या रिकाम्या होत्या.

“माल भरला नाही का, बाबूजी, या दिवाळीला?”

“नाही भरला.”

“का?”

“घेणारा एक जण आला आहे. दुकान, माल, सगळे मिळून भाव सांगितला आहे.”

मुलगा घडी हातात घेऊन तसाच थांबला. “मला कळवले नाहीत.”

“फोनवर सांगण्यासारखे नव्हते. तू तरी काय करणार होतास?”

या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर नव्हते आणि त्याने ते असल्याचे दाखवलेही नाही. हा त्याचा चांगुलपणा म्हटला पाहिजे. अशा वेळी परदेशातली मुले पुष्कळदा घाईने काहीतरी कबूल करतात आणि विमानतळावर विसरतात. थोड्या वेळाने त्याने इतकेच विचारले, “सौदा झाला?”

“अजून नाही.”

“मग पुढच्या दिवाळीपर्यंत थांबाल? मी येतो. त्या वेळी आपण दोघे बसून हिशेब पाहू. विकायचे ठरले तर विकू. पण वह्या मला एकदा बघू द्या.”

बाबूजींनी हो म्हटले नाही. त्यांनी कापडाचे टोक मुलाच्या हातातून घेतले, शेवटची घडी मारली आणि ताका फळीवर ठेवताना म्हणाले, “वह्या कपाटात आहेत. किल्ली तुझ्या आईजवळ.”

मंडळी परत निघाली त्या सकाळी नातवाने आपली लाल मोटार गादीखालच्या डब्यात ठेवली आणि नियमाप्रमाणे बदल्यात लाकडी गज मागितला. बाबूजींच्या वडिलांच्या हातचा तो गज, मीटर येण्यापूर्वीचा. लाल मोटारीच्या मोलाशी त्याचा मेळ कोणत्याही हिशेबाने बसत नव्हता. बाबूजींनी तो गज सामानात नीट गुंडाळून दिला.

आता दर रविवारी दुकान उघडल्यावर बाबूजी प्रथम तो डबा काढतात. आतल्या वहीत रोकडवहीच्या अक्षरात तारीख घालतात आणि पुढे लिहितात: ‘डबा पाहिला. मोटार शिल्लक.’ फेब्रुवारीत घेणारा गृहस्थ पुन्हा आला. फळ्या, पंखे, गादी-लोड यांची यादी करता करता त्याला गादीखाली हात लागला. डबा बाहेर काढून त्याने विचारले, “आणि हे?”

“तो मालात धरू नका,” बाबूजी म्हणाले, “आणि यादीही आत्ताच करू नका. दिवाळीनंतर या.”