विश्लेषण: अ‍ॅप अडकलं की आहारही अडकतो? जव्हार-मोखाड्यातून पाहिलं तर ‘डीबगिंग’ का महत्त्वाचं

केंद्र सरकारच्या पोषण ट्रॅकर अ‍ॅपवर १ जुलै २०२५ पासून नवा नियम लागू झाला. अंगणवाडीतून घरपोच आहार, म्हणजे टीएचआर, देताना लाभार्थीचा चेहरा फोनवर पडताळणं बंधनकारक झालं. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार आणि मोखाडा या डोंगराळ, आदिवासी तालुक्यांत याचा अर्थ सरळ आहे. अ‍ॅप मध्येच थांबलं, तर आहाराचं पाकीट समोर असूनही वाटप अडतं. मग चूक नेमकी कुठे आहे, हे शोधायचं कसं? आणि त्यासाठीची टूल्स कशी निवडायची?

जव्हार-मोखाड्यात हा प्रश्न गंभीर का?

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी इथल्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं होतं. त्यानंतर कुपोषणाची चर्चा निघाली की या भागाचं नाव येतंच. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांसाठी राज्याने डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आणली, तीही याच पार्श्वभूमीवर.

टीएचआर मिळतो तो सहा महिने ते तीन वर्षांच्या बालकांना, गरोदर महिलांना आणि स्तनदा मातांना. या वयात आहार चुकला तर तो नंतर भरून काढणं अवघड असतं. त्यात दिवाळीनंतर अनेक कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर स्थलांतर करतात. पाड्यांवर मोबाइलची रेंज सगळीकडे सारखी नाही. शहरात किरकोळ वाटणारा बग इथे महिन्याचा आहार अडवू शकतो.

चेहरा जुळवताना नेमकं काय होतं?

आधी आधारवर आधारित ई-केवायसी. त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. त्यानंतर दर महिन्याच्या वाटपावेळी कॅमेरा चेहरा टिपतो आणि तो नोंदवलेल्या चेहऱ्याशी जुळवला जातो.

या साखळीतली कुठलीही कडी तुटू शकते. फोनची मेमरी भरलेली असते, कॅमेऱ्याला परवानगी दिलेली नसते, सर्व्हरचं उत्तर वेळेत येत नाही. कधी आधारला जोडलेला फोन नवऱ्यासोबत भिवंडीच्या भट्टीवर गेलेला असतो. सेविकेला मात्र या सगळ्यात एकच गोष्ट दिसते: काम पुढे सरकत नाही.

इथेच पहिला फरक करावा लागतो. मेमरी आणि कॅमेऱ्याची अडचण डीबगिंगने सापडते. सर्व्हरचा उशीर मोजता येतो. पण ओटीपी भट्टीवर जातोय, हा कोडमधला बग नाही. तो नियमातला प्रश्न आहे आणि कुठलंही टूल तो सोडवणार नाही.

क्रॉस-प्लॅटफॉर्म अ‍ॅपमध्ये चूक शोधणं अवघड का?

अँड्रॉइड, आयफोन आणि वेब यांसाठी वेगवेगळा कोड लिहिणं खर्चिक असतं. म्हणून अनेक टीम फ्लटर किंवा रिअ‍ॅक्ट नेटिव्ह वापरून एकच कोड सगळीकडे चालवतात. अशा अ‍ॅपमध्ये थर असतात. वरचा थर डार्ट किंवा जावास्क्रिप्टचा, खालचा फोनच्या स्वतःच्या प्रणालीचा आणि मध्ये दोघांना जोडणारा पूल. कॅमेरा खालच्या थरात बिघडला, तरी वरच्या थराला फक्त ‘काहीतरी चुकलं’ एवढाच निरोप मिळतो. त्यामुळे एका टूलने भागत नाही.

कुठलं टूल कशासाठी?

पडदा अडखळतोय, मेमरी वाढतेय असं वाटत असेल, तर फ्लटर डेव्हटूल्स किंवा रिअ‍ॅक्ट नेटिव्ह डेव्हटूल्स. कॅमेरा, परवानग्या किंवा जागा यांचा घोळ असेल, तर अँड्रॉइडचं लॉगकॅट आणि आयफोनसाठी एक्सकोड. सर्व्हरशी बोलणं तुटत असेल, तर चार्ल्स किंवा एमआयटीएमप्रॉक्सी. त्यात कोणती विनंती गेली, उत्तर किती वेळाने आलं, हे दिसतं.

हे सगळं डेव्हलपरच्या टेबलावरचं. मोखाड्याच्या पाड्यावर फोनला केबल लावून बसणारा कोणी नसतो. तिथे क्रॅशलिटिक्स किंवा सेंट्री यांसारखी सेवा लागते. अ‍ॅप बंद पडलं की ती नोंद फोनमध्ये ठेवते आणि नंतर रेंज मिळाल्यावर पाठवते. पण त्यातही एक खाच आहे. अ‍ॅप बंद न पडता नुसतं चक्र फिरत राहिलं, तर बहुतेक वेळा क्रॅश नोंदलाच जात नाही. अशा थांबण्याची नोंद टीमला मुद्दाम लिहून घ्यावी लागते. नाहीतर कार्यालयातल्या आलेखावर सगळं आलबेल आणि पाड्यावर रांग, असं चित्र तयार होतं.

निवडताना काय पाहावं?

पहिलं, टूल टिकणार आहे का. मेटाचं फ्लिपर एकेकाळी रिअ‍ॅक्ट नेटिव्हसोबतच यायचं. २०२३ च्या अखेरीस त्याला निरोप द्यायला सुरुवात झाली. मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल स्टुडिओ अ‍ॅप सेंटर ३१ मार्च २०२५ ला निवृत्त झालं. वर्षानुवर्षं चालणाऱ्या सरकारी योजनेने एकाच कंपनीच्या टूलवर विसंबणं धोक्याचं आहे.

दुसरं, चाचणी कुठे होते. फ्लटरचं अ‍ॅप डीबग मोडमध्ये मुळातच हळू चालतं. म्हणून वेग प्रोफाइल मोडमध्ये आणि खऱ्या फोनवर मोजावा लागतो. इम्युलेटरमध्ये नेटवर्क मंद करून पाहता येतं. पण तापलेला, फोटोंनी भरलेला स्वस्त फोन त्यात उभा करता येत नाही.

तिसरं, खासगीपणा. चूक शोधण्याच्या नादात आधार क्रमांक किंवा बाळाच्या आईचा चेहरा लॉगमध्ये जाता कामा नये. त्रुटीचा कोड, वेळ, फोनचं मॉडेल आणि अ‍ॅपची आवृत्ती एवढं सहसा पुरतं.

सेविकांच्या तक्रारींचं काय?

निकृष्ट फोनची तक्रार जुनी आहे. २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत केले होते. हे फोन तापतात, हँग होतात, असं त्यांचं म्हणणं होतं. फेब्रुवारी २०२३ च्या संपातही मानधनवाढीसोबत नव्या मोबाइलची मागणी होती.

डीबगिंगच्या भाषेत पाहिलं, तर हे मोर्चे म्हणजे हजारो बग रिपोर्टच होते. फरक इतकाच, की त्यात त्रुटीचा कोड नव्हता. अ‍ॅपने मराठीत स्पष्ट कारण दाखवलं, सोबत एक क्रमांक दिला आणि तक्रारीचं पुढे काय झालं हे कळवलं, तर सेविका हीच सगळ्यात चांगली टेस्टर ठरू शकते.

आता पुढे काय?

बग दुरुस्त व्हायला काही दिवस लागतात. बाळ तेवढं थांबू शकत नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ च्या कलम ४ आणि ५ नुसार गरोदर व स्तनदा माता आणि सहा महिने ते सहा वर्षांच्या बालकांना अंगणवाडीतून आहार मिळणं हा हक्क आहे. तो अ‍ॅपमधून येत नाही, कायद्यातून येतो. म्हणून पडताळणी अडली तर आधी आहार द्यायचा, वहीत नोंद करायची आणि अ‍ॅपमधली नोंद नंतर, अशी सोय नियमातच असायला हवी. चांगलं टूल चूक लवकर दाखवतं. चूक सापडेपर्यंत पोट कोणाचं थांबणार, हे मात्र धोरणालाच ठरवावं लागतं.