खासगी विमानाच्या पोटाखालचा माणूस

16 जुलै 2024 रोजी मुंबईत कलिन्याला काय झाले, हे आमच्या वाचकांच्या स्मरणात असेल. विमानतळावर सामान चढविण्या-उतरविण्याच्या आणि तत्सम कामासाठी सुमारे दोन हजार दोनशे जागांची थेट भरती निघाली आणि हजारो तरुण हातात कागदपत्रे घेऊन दारावर धडकले. चेंगराचेंगरी होते की काय अशी वेळ आली. शेवटी अर्ज ठेवा आणि परत जा, असे सांगावे लागले. हमालीची नोकरी मागायला आलेल्या या गर्दीत पदवीधरही होते. दुसऱ्या दिवशी बेकारीवर पुष्कळ लिहिले गेले. पण ज्याला ही नोकरी मिळते त्याला काम कोण शिकवतो, आणि शिकवत नसेल तर त्याच्या जिवाचे काय, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

तो आम्ही आज विचारीत आहोत आणि तोही मोठ्या प्रवासी विमानांपुरता नव्हे. याच कलिन्याच्या बाजूला ते टर्मिनल आहे, जेथून उद्योगपती, सिनेनट आणि आमचे लोकप्रतिनिधी खासगी जेटने ये-जा करतात. आंबेडकरी दैनिकाने श्रीमंतांच्या विमानांवर अग्रलेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु विमान श्रीमंताचे असले तरी त्याच्या चाकाला अडणी लावणारा, त्याला ट्रॅक्टरने ओढणारा, त्याच्या काचा पुसणारा आणि त्याचा संडास उपसणारा माणूस विमानतळाच्या भिंतीलगतच्या वस्तीत राहतो. प्रवासी विमानाभोवती दहा-पंधरा माणसे असतात, प्रत्येकाचे काम ठरलेले असते. खासगी जेटभोवती दोघे किंवा तिघे असतात आणि सगळे त्यांनीच करायचे असते. म्हणून त्यांना जास्त शिकविले पाहिजे. प्रत्यक्षात त्यांना सांगितले जाते, बघत बघत शिक.

बघत बघत शिकण्याची किंमत काय असते? 19 सप्टेंबर 2008 च्या रात्री अमेरिकेत साउथ कॅरोलायना राज्यातील कोलंबिया येथे लिअरजेट 60 जातीचे एक खासगी जेट उड्डाणाच्या धावेत असताना त्याचे टायर फुटले. विमान धावपट्टी सोडून बाहेर गेले आणि पेटले. सहांपैकी चौघे मेले, वाचलेले दोघे भयंकर भाजले. चौकशीत निघाले ते असे, की टायरमधला दाब रोज सुमारे दोन टक्क्यांनी उतरत होता आणि जवळपास तीन आठवडे कोणी तो मोजलाच नव्हता. कोट्यवधींचे विमान गेले, चार जीव गेले, आणि वाचवू शकले असते ते हातात मावणारे एक दाबमापक! विमानाचे टायर मोटारीसारखे बसलेले दिसत नाही. धोक्याच्या पातळीपर्यंत उतरले तरी डोळ्यांना ते ठणठणीतच दिसते. लाथ मारून टायर पाहण्याची सवय ट्रकच्या अड्ड्यावर चालते, येथे नाही. दाब रोज मोजायचा, टायर थंड असताना मोजायचा, म्हणजे विमान उतरल्यानंतर दोन-तीन तासांनी. टायरमध्ये कोरडा नायट्रोजन भरायचा, साधी हवा नाही. मेक्सिकोत 31 मार्च 1986 रोजी तापलेल्या ब्रेकजवळचे टायर आकाशात फुटून 167 माणसे गेली. त्या टायरमध्ये हवा भरलेली होती. आणि नुकत्याच उतरलेल्या विमानाचे ब्रेक तापलेले असतील तर चाकाकडे बाजूने कधीही जायचे नाही, पुढून किंवा मागून जायचे. चाक फुटले तर त्याचे तुकडे बाजूला उडतात.

ही पाच वाक्ये आहेत. ती समजायला पदवी लागत नाही. तरीही ती सांगितली जात नाहीत, कारण ज्ञान वरच्या पायरीवर ठेवायचे आणि श्रम खालच्या पायरीवर, ही या देशाची जुनी खोड आहे. जात ही केवळ श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी 1936 साली 'जातिनिर्मूलना'त मांडले. विमानतळावर गेल्याने ही विभागणी संपत नाही, तिच्या अंगावर फक्त गणवेश चढतो.

इंधनाची गोष्ट घ्या. काही लहान जेट विमानांच्या इंधनात पाणी गोठू नये म्हणून एक द्रव मिसळावा लागतो. अमेरिकेत 2017 ते 2019 या काळात किमान तीन ठिकाणी या द्रवाच्या जागी डिझेल ट्रकांच्या धुरासाठी वापरतात ते युरियाचे पाणी विमानांत गेले. इंधनात त्याचे खडे झाले, गाळण्या तुंबल्या आणि रुग्ण नेणाऱ्या विमानांची इंजिने आकाशात बंद पडली. दोन्ही द्रव दिसायला पाण्यासारखे, डबे शेजारी ठेवलेले. चूक एवढीच. यावर उपाय सांगतात की लेबल वाचा. बरोबर आहे, वाचले पाहिजे. पण ते लेबल कोणत्या भाषेत असते? ज्या तरुणाने बारावीपर्यंत मराठीतून शिक्षण घेतले त्याच्या हाती इंग्रजी डबा द्यायचा आणि चुकला की त्यालाच हाकलायचे, हा न्याय नव्हे. लेबल मराठीत आणि हिंदीत चिकटवायला खर्च किती येतो?

आता ओढण्याचे काम. खासगी जेट ट्रॅक्टरने मागे-पुढे करताना पुढच्या चाकावर लाल खुणा असतात, त्यापलीकडे चाक वळवायचे नाही. काही विमानांत ओढण्यापूर्वी पुढच्या चाकाचा सांधा सोडावा लागतो आणि काम झाल्यावर आठवणीने पुन्हा जोडावा लागतो. गल्फस्ट्रीम 650 सारख्या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत 30 मीटर आहेत. ट्रॅक्टरवर बसलेल्याला ती टोके दिसत नाहीत, म्हणून दोन्ही टोकांना एकेक माणूस चालत असला पाहिजे आणि त्याने हात वर केला की ट्रॅक्टर थांबलाच पाहिजे. माणसे कमी असली की पहिल्यांदा हीच दोन माणसे वगळली जातात.

आमच्या परिचयाचा एक तरुण एका विमानतळावर अशाच कंत्राटदाराकडे होता. शहराचे आणि कंत्राटदाराचे नाव येथे नको. ओढताना पंखाचे टोक हँगरच्या दाराला निसटते घासले. ओरखडा बोटभर. कोणी पाहिले नव्हते. त्याने स्वतः जाऊन सांगितले. विमान थांबले, तपासले गेले आणि एक दिवस उशिरा उडाले. पुढच्या महिन्यात त्या तरुणाचा पास पुन्हा काढून दिला गेला नाही. त्याच्या जागी आलेला मुलगा आता काही सांगेल काय? विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत चूक कळविणाऱ्याला संरक्षण देण्याचे तत्त्व आहे. ते तत्त्व वैमानिकापर्यंत येते, इंजिनिअरपर्यंत येते, हेल्परपर्यंत येईतो झिजून जाते. सांगणाऱ्याची भाकरी जाणार असेल तर ओरखडा लपणार आणि लपलेला ओरखडा एक दिवस विमानात बसलेल्यांनाही गाठणार. मालकांनी निदान स्वतःच्या जिवासाठी तरी हे समजून घ्यावे.

खालच्या माणसांनाच हलगर्जीपणाची सवय असते, असे वरच्यांचे म्हणणे असते. त्यांना आम्ही 31 मे 2014 ची बेडफर्डची दुर्घटना सांगू. अमेरिकेतील या विमानतळावर गल्फस्ट्रीम जातीचे जेट धावले ते सुकाणू वाऱ्याने हलू नये म्हणून लावायची खीळ तशीच ठेवून. सात माणसे मेली. दोन्ही वैमानिक अनुभवी होते. चौकशीत कळले की त्यांनी आधीच्या 175 उड्डाणांपैकी 98 टक्के वेळा सुकाणूची पूर्ण तपासणी केलीच नव्हती. हलगर्जीपणा पगाराच्या आकड्याप्रमाणे वाटला जात नाही. फरक एवढाच की खालच्याचा हलगर्जीपणा त्याच्या जातीला चिकटतो, वरच्याचा चौकशी अहवालात राहतो.

आणि खालचा माणूस मरतो तोही बरेचदा दुसऱ्याच्या घाईने. 16 डिसेंबर 2015 रोजी मुंबई विमानतळावर प्रवासी विमान मागे ढकलले जात असताना एक तंत्रज्ञ चालू इंजिनात ओढला गेला. जुलै 2019 मध्ये कोलकात्यात एका तंत्रज्ञाचा चाकाच्या कप्प्याच्या दारात अडकून मृत्यू झाला. खासगी जेटची इंजिने मागे आणि उंचावर असतात, म्हणून तेथे काम करणारे थोडे निर्धास्त होतात. निर्धास्त होऊ नये. विमानावरचा लाल दिवा फिरत आहे तोवर त्या विमानाचे इंजिन चालू आहे असेच समजावे आणि जवळ जाऊ नये, मग मुकादम कितीही ओरडो. साहेबांची मोटार शिडीला लागली म्हणून कोणी पळत जायचे कारण नाही.

आता ज्या विषयासाठी आम्ही ही लेखणी उचलली, त्याकडे येऊ. मोठ्या जेटमधील संडासाची टाकी बाहेरून रिकामी होते. विमानाच्या पोटाखाली झाकण असते, त्याला नळी जोडतात, झडप उघडली की मैला गाडीत जातो, मग टाकी धुऊन निळे औषधी पाणी भरतात. झाकण उघडताना त्याच्या खाली उभे राहायचे नाही, बाजूला राहायचे. लांब हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही. परंतु अनेक लहान जेटांत ही बाहेरची सोय नसते. ती विमान घेताना वेगळे पैसे देऊन घ्यावी लागते. ज्या मालकाने ती घेतली नाही, त्याच्या विमानातून मैल्याचे भांडे माणसाला हाताने काढून, त्या मऊ गालिच्यावरून, त्या चामड्याच्या खुर्च्यांमधून बाहेर आणावे लागते. भांडे हिंदकळून गालिच्यावर डाग पडला तर काय होते, हे सांगायला नको.

हे काम कोणाला देतात? मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्यांना विणाई खात्यात घेत नसत, कारण तेथे धोट्यातला तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना विटाळ होई. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला, तेव्हा कामगार पुढाऱ्यांची अडचण झाली होती. गिरण्या गेल्या. पण विणाई कोणाला आणि झाडू कोणाला, हे ठरविणारी नजर गेली नाही. पिण्याचे पाणी भरणाऱ्याने त्याच पाळीत संडास हाताळू नये, हा विमानसेवेतील नियम आरोग्याचा आहे आणि तो पाळलाच पाहिजे. मात्र आज ज्याने संडास उपसला त्याला उद्या पाणी भरायला द्यावे. पाळी बदलती ठेवली की तो नियम स्वच्छतेचा राहतो. पाळी कायमची ठेवली की त्याचे चवदार तळे होते.

2013 च्या हाताने मैला वाहण्यास बंदी घालणाऱ्या कायद्यात अस्वच्छ शौचालये, उघडी गटारे आणि रेल्वेचे रूळ यांचा उल्लेख आहे. विमानाचा नाही. तरीही त्याच व्याख्येत केंद्र किंवा राज्य सरकार अधिसूचना काढून इतर जागांचा समावेश करू शकते. हातमोजे दिले म्हणून ते काम हाताने मैला वाहणे ठरत नाही, अशी पळवाटही तेथेच आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. म्हणूनच राज्य सरकारने अधिसूचना काढावी आणि बाहेरून टाकी रिकामी होत नसलेल्या विमानाच्या मालकाने ती सोय स्वतःच्या खर्चाने बसवावी, अशी आमची मागणी आहे. बसवीपर्यंत भांडे घट्ट झाकणाचे आणि चाकांच्या गाड्यावरचे असावे. आमदार-मंत्री याच विमानांतून फिरतात. पुढच्या वेळी उतरताना त्यांनी मागे वळून पाहावे.

कामगारांनीही काही गोष्टी माहीत करून घ्याव्यात. 1970 चा कंत्राटी कामगार कायदा वीस कामगारांपासून लागू होत असे. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा घेतलेल्या संहितेत तो आकडा पन्नास झाला. खासगी जेट सांभाळणारे कंत्राटदार बहुधा लहान असतात. त्यांना मोकळे सोडणारी ही तरतूद कोणाच्या सोयीची आहे ते उघड आहे. पण त्याच संहितेत प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे आणि जिवाला तातडीचा धोका दिसल्यास मालकाला व निरीक्षकाला कळविण्याचा हक्क कामगाराला आहे. नेमणूकपत्र मागा. धोका दिसला तर तोंडी सांगू नका, लिहून द्या आणि प्रत ठेवा.

जे थोडे शिकलेले आहेत त्यांनी हेल्परच्या कामावर थांबू नये. विमान दुरुस्तीच्या इंजिनिअरचा परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. बारावीला भौतिकशास्त्र, रसायन आणि गणित असेल तर मान्यताप्राप्त संस्थेतून ती परीक्षा देता येते. फी गरिबाला परवडणारी नाही हे खरे. समाज कल्याण खात्याने या शिक्षणासाठी किती मुलांना शिष्यवृत्ती दिली, तो आकडा आमच्या संघटनांनी माहितीच्या अधिकारात मागवावा.

घाटकोपर म्हटले की चळवळीच्या माणसाला माता रमाबाई आंबेडकर नगर आठवते. त्याच घाटकोपरात 28 जून 2018 रोजी दुरुस्तीनंतरच्या चाचणीसाठी जुहूहून उडालेले एक पंखवाले खासगी विमान बांधकामाच्या जागेवर कोसळले. दोन वैमानिक गेले, दुरुस्तीचे दोघे गेले आणि रस्त्यावरचा एक माणूस गेला. बांधकामावरचे मजूर जेवणाच्या सुटीत होते म्हणून ते वाचले.

विमानतळावरील कामगार संघटनांना आमची विनंती आहे. टायर, इंधन, ओढणे, लाल दिवा आणि संडास एवढ्या पाच गोष्टी साध्या मराठीत एका कागदावर लिहून काढा. हे दैनिक तो कागद विनामूल्य छापील. त्यावरची पहिली ओळ टायरची असावी की संडासाची, हे ज्यांचे हात रोज त्या कामात असतात त्यांनीच ठरवावे.