नॉर्मल झाली!

आमच्याकडं पूर्वी 'बाई मोकळी झाली' म्हणायचे. आता पेढा हातावर ठेवायच्या आधीच सांगतात, "नॉर्मल झाली हो!" जे सहज व्हायचं त्याचंच नवल होऊन बसलंय.

माझी थोरली चुलती सुईण होती. आढ्याला कासरा बांधायची, बाईला त्याला धरून उकिडवं बसवायची, नाहीतर ओटीवर फिरवायची. कळा लांबल्या आणि सासू कावली, की म्हणायची, "घाई कुणाला झालीय, तुला का तिला?" रात्र रात्र बसून राहायची. तिची खरी विद्या तीच, बसून राहणं.

पण तिच्याच हातून दोन बाया गेल्या, हेही सांगितलं पाहिजे. एकीचं रक्त थांबेना. बैलगाडी ओढ्यापर्यंतच पोचली. त्यामुळं 'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्यांतली मी नाही. बाई अडली, बाळ आडवं आलं, झटके आले, तर सिझरसारखं दुसरं जीवदान नाही. माझा सवाल न अडलेल्या बाईचा आहे.

माझ्या पुतणीची तारीख एक दिवस उलटली. तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात भरती करून घेतली. कळा नव्हत्या, म्हणून सलाईनमधून कळांचं औषध सोडलं. उताणं निजवलं, उठायचं नाही. आईलासुद्धा आत सोडलं नाही. रात्री नवाला म्हणाले, बाळ दमलंय, सही करा. मी विचारलं, "डॉक्टर, सकाळी तर सगळं ठीक होतं ना?" तर म्हणाले, "आजी, तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" जावयानं बिलासाठी पाडी विकली.

मला काय कळतंय ते सांगते. तब्येत चांगली असेल, तर ४१ आठवड्यांच्या आत कळा आणू नका, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. तासाला एक सेंटिमीटर तोंड उघडलं नाही, एवढ्यावरून घाई करू नका, असं तिनं २०१८ साली सांगितलं. सरसकट खालचा छेद घेऊ नका, बाईला हव्या त्या स्थितीत राहू द्या, सोबतीला तिचं माणूस असू द्या, हेही सांगितलं. थोडक्यात, चुलतीचा कासरा सोडून बाकी सगळं. सोबतीला परवानगी तर केंद्र सरकारनं २०१६ सालीच सरकारी दवाखान्यांत दिलीय. किती ठिकाणी पाळतात, ते तुम्हीच बघा जाऊन.

आणि देशाच्या पाहणीतले आकडे बघा. २०१९-२१ मध्ये सरकारी दवाखान्यांत शंभरातल्या १४ बाळंतपणांत सिझर, खाजगीत ४७! अवघड बाया मोठ्या दवाखान्यात जातात हे मान्य. पण तिपटीनं? अडलेल्या गरीब बायांची शेवटची धाव तर सरकारीतच असते. मग बायकांची हाडं खाजगीच्या पायरीवर चढताना आखडतात का?

सगळे डॉक्टर लबाड नाहीत. एकटा डॉक्टर, दोन नर्सा, बाहेर ओपीडीची रांग. बारा-चौदा तास कळांपाशी बसायला त्याला परवडत नाही आणि ऑपरेशन तासाभरात उरकतं, वर पैसाही जास्त. काही विपरीत झालं तर दवाखाना फोडायला आपलेच लोक पुढं असतात. मुहूर्त काढून सिझर करा म्हणणारेही आपलेच. हे सगळं खरंय. पण पोट कापलं जातं ते बाईचं, आणि टाके ओले असताना गोठ्यातलं शेण भरायला तीच वाकते.

पुतणीला आता सहावा महिना आहे. त्याच दवाखान्यात सांगितलंय, एकदा सिझर म्हणजे कायम सिझर, आणि तारीखही लिहून दिलीय. पहिला छेद आडवा असेल, बाकी ठीक असेल, तर ऑपरेशनची सोय असलेल्या ठिकाणी पुष्कळ बायांचं दुसरं बाळंतपण सरळ होतं. सोमवारी तिला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन जाणार आहे. पहिल्या वेळचे कागद मागितलेत, अजून दिले नाहीत. उद्या पुन्हा जाऊन बसते.