चाकाचा माज

तीस फुटांच्या शिडाच्या होडीवर जो स्टीलचं भलंमोठं चाक मिरवतो, त्याला होडी नको असते, पाण्यावर चालणारी मोटार हवी असते. कुवेतमधल्या फहाहीलला अल कूतच्या मरीनात अशा होड्या बांधलेल्या मी नेहमी बघतो. शुक्रवारी मालक येतो, चाकावर हात ठेवून फोटो काढतो आणि निघून जातो. त्या चाकाखाली काय कुजतंय ते त्याने एकदाही वाकून पाहिलेलं नसतं. मला या बेफिकिरीची चीड आहे, कारण तिच्यापायी आम्ही तिघं मरता मरता वाचलो.

होडी आम्हा तिघा मित्रांची, जुनी, एकोणतीस फुटी. कुब्बर बेटाहून परतताना वायव्येचा शमाल सुटला, लाटा चढल्या आणि माझ्या हातातलं चाक एकाएकी गरगर फिरू लागलं. खाली सुकाणूशी त्याचं काही नातंच उरलं नव्हतं. चाकाच्या खांबात स्प्रॉकेट असतं, त्यावर साखळी, साखळीच्या टोकांना वायर रोप. तो पुल्यांवरून वळसे घेत पायाखालच्या लादीखाली जातो आणि सुकाणूच्या शाफ्टवरचा क्वाड्रंट ओढतो. यातली एक पुली पिनेसकट निखळली होती. अशा वेळेसाठी होडीबरोबर एक लोखंडी इमर्जन्सी दांडा मिळतो. तो काढला, शाफ्टच्या चौकोनी डोक्यावर चढवला, वळवला, तर तो चाकावरच आदळला. होडी डावीकडेही वळेना, उजवीकडेही वळेना. ज्याने ही रचना आखली त्याने तो दांडा धक्क्यावरसुद्धा बसवून पाहिला नसणार. आडव्या लाटा अंगावर घेत, पान्याने नट सोडवून आम्ही चाक उपटलं, तेव्हा कुठे दांडा फिरला. ती वीस मिनिटं मी जन्मात विसरणार नाही.

किनाऱ्यावर आल्यावर एका दुरुस्तीवाल्याने सगळं नवं घालायचा खर्च सांगितला. मी म्हटलं, चाक नकोच, सुकाणूला थेट दांडा लावायचाय. तो म्हणाला, "होडीची किंमत पडेल." किंमत! तिघांचे जीव त्या पिनेवर टांगलेले होते आणि हा पुढच्या गिऱ्हाइकाचा विचार करत होता.

मी बावीस वर्षं इथे तेलउद्योगात देखभालीचं काम करतो. गंज ही माझी रोजची भाकरी आहे. स्टेनलेस स्टील गंजत नाही असं समजणाऱ्यांनी ऐकावं: त्याच्यावरचा संरक्षक पापुद्रा हवेतल्या प्राणवायूवर जगतो. बंद लादीखाली, मीठ आणि धुळीच्या चिखलात, वायर जिथे टोकाच्या नळीत घुसते तिथे हवा पोचत नाही आणि स्टील आतून खाल्लं जातं. वरून चकाकतं, आतून पोकळ. मोकळ्या महासागराच्या किलोभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, या आखातात ४०च्या आसपास. त्यावर कुवेतचा उन्हाळा. २०१६च्या जुलैत मित्रीबाला ५३.९ अंश सेल्सिअस नोंदले गेले. अशा पाण्यात, अशा उन्हात, होडीचा सगळ्यात महत्त्वाचा अवयव डोळ्यांआड, स्क्रू मारून बंद करून ठेवायचा? आमच्या कामात असा आराखडा कुणी पुढे केला तर पहिल्याच बैठकीत फाडून टाकू.

मला सांगतात, दांडा म्हणजे कोळ्याच्या पोराचं खेळणं, खोल समुद्राचं काम नाही. असं बोलणाऱ्याला सुहैली ठाऊक नाही. मुंबईत, कुलाब्याला, सागाच्या लाकडात बांधलेली ३२ फुटी होडी, नाव आखातातल्या वाऱ्याचं. १४ जून १९६८ला रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तिच्यात एकटा बसून इंग्लंडहून निघाला आणि कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ला परतला. असं करणारा तो पहिला माणूस. त्या होडीला दांडा होता. आणि तुम्हाला फहाहीलहून कुब्बरला जायला चाक लागतं!

दुसरे कुवेतचाच दाखला देतात, की इथल्या बूम नावाच्या जुन्या शिडाच्या जहाजांना चाक होतं. होतं, आणि योग्यच होतं. मलबारचा साग वापरून बांधलेली ती प्रचंड जहाजं होती, त्यांचं सुकाणू एका माणसाच्या हाताला हललं नसतं. पण त्यांच्या साखळ्या उघड्यावर होत्या, झिजलेली कडी खलाशाला चालता चालता दिसायची. दिलीप दोंदे यांनी २००९-१०मध्ये ज्या होडीतून एकट्याने जगप्रदक्षिणा केली ती म्हादेई ५६ फुटी, तिथेही चाकच हवं. माझं भांडण त्या चाकांशी नाही. छोट्या होडीवर मोठ्या होडीचा तोरा चढवण्याशी आहे.

आम्ही काम स्वतः केलं. आधी एक गोष्ट पाहावी लागते: शाफ्ट कॉकपिटमध्ये कुठे वर येतो आणि सुकाणूचं थोडं पातं शाफ्टच्या पुढे आहे का. ते नसेल तर दांडा हाताला फार जड होऊ शकतो, आणि तशा होडीवर हा उद्योग करू नये. आमचा शाफ्ट सोयीचा निघाला. त्याला वर नवं बेअरिंग दिलं, कारण दांड्याचा आडवा जोर आता थेट त्याच्यावर येणार. सुकाणू अति वळू नये म्हणून असलेले स्टॉप जपले. होकायंत्र आणि इंजिनचा लिव्हर खांबावर होते, ते बाजूच्या भिंतीवर नेले. खांब काढून त्याखालची भोकं फायबर आणि इपॉक्सीने बुजवली. दांडा सागाच्या पातळ पट्ट्या चिकटवून केला. सागात तेल असतं, म्हणून प्रत्येक पट्टी ॲसिटोनने पुसूनच इपॉक्सी लावलं. चार फूट लांब, चढत्या वळणाचा. धक्क्याला असताना उभा करून ठेवला की अख्खं कॉकपिट मोकळं.

पहिल्या दिवशी बाहेर पडलो आणि मला माझे बाबा आठवले. मालवणला होडीत मला पुढ्यात बसवून ते सुकाण माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "पाणी काय सांगता ता हाताक कळाक व्हया." वारा वाढला की दांडा आधी हाताला ओढ देतो, शीड जास्त झालंय हे तळव्याला समजतं. साखळी-पुल्यांच्या त्या चाकावर मला यातलं काही जाणवत नव्हतं. सुकाणू हा शब्दच अरबी 'सुक्कान'वरून आपल्याकडे आलाय, आणि या किनाऱ्यावर तो पुन्हा हातात धरताना माझे डोळे भरून आले.

महिन्याभरात एक गृहस्थ आमचं काढलेलं चाक विकत मागायला आले. अठ्ठावीस फुटी होडी, सोबत दोन लहान मुलं. मी त्यांना लादीखालची निखळलेली पुली दाखवली, अर्धी खाल्लेली पिन हातावर ठेवली. ते म्हणाले, "पण चाक दिसतं छान." मी काही बोललो नाही. ग्राइंडर आणला, त्यांच्यासमोर चाकाचे चार तुकडे केले आणि भंगारात टाकले.